दीड अवताराचा दरवाजा

आमच्या सत्यवान भावजींना नवीन वर्षाचे संकल्प करायची खोड आहे. तेही एक नाही, दोन. एक कलेचा, एक घराचा. पोरीच्या बापाने वर्षाला किमान एवढं तरी ठरवावंच, असं त्यांचं मत आहे. कलेचा संकल्प पोरीने बघून शिकावं म्हणून, आणि घराचा संकल्प पोरीच्या आईने वेळेवर जेवायला वाढावं म्हणून. संकल्प पुरा करण्याबद्दल त्यांचं काही मत आहे असं मला आजवर आढळलेलं नाही.

मी रसिका, त्यांच्या चुलतभावाची बायको. त्यांचं घर आणि आमचं घर एकाच खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, दोन बाजूंना. विहीर एक, कुंपणाचा गडगा एक, मांजरही एकच. त्यामुळे त्यांच्याकडे जे होतं ते मला दिसतं आणि जे दिसत नाही ते ऐकू येतं. लोकांच्या घरात नाक खुपसायचं नाही असा मीही एकदा एक जानेवारीला संकल्प केला होता. दूधवाला आला आणि कोणाची तरी बातमी सांगून गेला, तिथे तो संपला.

तर भावजी. एका वर्षी त्यांनी बासरी शिकायचं ठरवलं. बासरीतून सूर निघायच्या आधी गोठ्यातल्या म्हशीचं दूध आटलं, असं माझी जाऊ लक्ष्मी आजही शपथेवर सांगते. त्या वर्षी घराचा संकल्प पडवीच्या कौलांचा होता. कौलं अजून गळतात, फक्त खाली ठेवायचं घमेलं नवीन आलं. पुढच्या वर्षी त्यांनी खळ्याच्या भिंतीवर वाघ काढला. तो वाघ हुबेहूब लक्ष्मीच्या मामांसारखा दिसला आणि चतुर्थीला मामा आले तेव्हा त्यांनी तो स्वतःच ओळखला. मग त्या वर्षी घराचा संकल्प वाघ पुसण्याचा झाला. तेवढा एक मात्र पुरा झाला, तोही पावसाने केला.

माणूस आळशी आहे म्हणावं तर तसंही नाही. भावजी दारं-खिडक्या बसवण्याचं काम करतात. तारकर्ली, देवबागला पर्यटकांसाठी ज्या खोल्या बांधल्यात, त्यांतल्या निम्म्या बाथरुमांची दारं यांनी बसवलेली आहेत. पीव्हीसीचं दार सकाळी नेतात, दुपारी जेवणाआधी ते उघडतं, मिटतं आणि कडी लागते. मुंबईची माणसं आत जाऊन निवांत आंघोळ करतात. आणि यांच्या स्वतःच्या न्हाणीला दार नव्हतं.

न्हाणी मागच्या परसात, चिऱ्याच्या तीन भिंती आणि वर पत्रा. जुनं दार तौक्ते वादळात उडालं ते खालच्या मळ्यात सापडलं, दोन तुकडे होऊन. त्याच वादळात परसातला फणस पडला. भावजींनी त्याच्या फळ्या कापून आणल्या आणि त्याच वेळी त्यांना ती कल्पना सुचली, जिने आम्हा सगळ्यांचं डोकं उठवलं. न्हाणीचं दार ते स्वतः करणार, फणसाच्या लाकडाचं, आणि त्यावर दहा अवतार कोरणार. मत्स्यापासून कल्कीपर्यंत, दोन रांगांत पाच-पाच. म्हणजे कलेचा संकल्प आणि घराचा संकल्प एकाच दरवाजात. एवढा स्वस्त सौदा त्यांना आयुष्यात सापडला नव्हता, त्यामुळे दर एक जानेवारीला ते तोच करत राहिले.

दार होईपर्यंत काय? तर बॅनर. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर नाक्यावर लोंबत होता, तो भावजींनी आणून न्हाणीच्या तोंडाला बांधला. पुढारी हात जोडून उभे, खाली शुभेच्छुकांचे फोटो. पहिल्या दिवशी तोंड आतल्या बाजूला होतं. लक्ष्मी आंघोळीला गेली ती तशीच बाहेर आली आणि म्हणाली, एवढ्या पुरुषांसमोर मी न्हाणार नाही. मग बॅनर फिरवला. तेव्हापासून परसात येणाऱ्या प्रत्येकाचं पुढारी हात जोडून स्वागत करत, आणि त्यांच्या पाठीमागून तांब्याचा आवाज येई.

बॅनरला कडी नसते. म्हणून घरात एक शिस्त पडली. जो आत असेल त्याने गायचं. गाणं चालू म्हणजे न्हाणी भरलेली, थांबलं की रिकामी. भावजी भजन म्हणत, लक्ष्मी आरत्या म्हणत असे, त्याही घाईत, त्यामुळे त्यांच्याकडे गणपती बारा महिने असल्यासारखं वाटायचं. किशोरी, त्यांची एकुलती एक, लहान होती तेव्हा शाळेतल्या कविता म्हणायची. पाढेही म्हणायची. तेराचा पाढा आला की साबण डोळ्यात गेल्यासारखी अडायची. भावजी पाहुण्यांना अभिमानाने सांगत की आमच्या घराला गाण्याचं अंग आहे.

पोर आठवीत गेली आणि तिने गाणं बंद केलं. उजाडायच्या आधी, अंधारात, गार पाण्याने भराभर आंघोळ करून मोकळी व्हायची. एकदा न गाता आत असताना गॅसवाला सिलिंडर घेऊन परसातून आला. काही झालं नाही, तो बिचारा सिलिंडर टाकून पळाला, पण त्या दिवसानंतर ती टॉवेल दप्तरात कोंबून माझ्याकडे यायला लागली. आमच्या न्हाणीला पत्र्याचं का असेना, दार आहे. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आत गेली की कडी लावून ती एकदा दार ओढून बघायची, मग पुन्हा एकदा ओढून बघायची. तो आवाज ऐकून मला भावजींच्या त्या फळ्या चुलीत घालाव्याशा वाटत.

इतक्या काळात भावजींचा मत्स्य पुरा झाला होता. मासा चांगला होता, खोटं कशाला बोलू. सुरमईसारखा अंगाने भरलेला, खवला खवला वेगळा. कूर्माचं कासव अर्धं झालं होतं. पाठ आली होती, डोकं नव्हतं, त्यामुळे ते कोणीतरी पाटावर वडा ठेवून विसरल्यासारखं दिसायचं.

यंदा आमच्या रवळनाथाची जत्रा नेमकी एक जानेवारीला आली. भावजींना वाटलं, हा योग देवानेच जुळवला. दरवर्षी ते संकल्प मनात करायचे, म्हणून फळत नाहीत. यंदा देवळात नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे चारचौघांत मोठ्याने देवाकडे मागणं मागायचं. लक्ष्मीने दोनदा सांगितलं की देवाला त्रास देऊ नका, बाजारातून एक दार आणा. पण गाऱ्हाण्याची खुबीच अशी आहे, की ते घातलं की काम देवाच्या अंगावर जातं. माणसाने पुन्हा हात लावणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. हे भावजींना फारच पटण्यासारखं होतं.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ते देवळाचे मानकरी, गावकार हरिश्चंद्र. आवाज असा, की देव जागा नसला तर जागा व्हावा. आणि त्यांना एक सवय आहे. मोघम मागितलं तर देव चुकीच्या घरी देईल, या भीतीने ते सगळा तपशील सांगतात. गेल्या वर्षी एकाचं मूळव्याधीचं गाऱ्हाणं त्यांनी इतक्या तपशिलाने घातलं, की तो माणूस पुढे चार महिने सोसायटीच्या सभेला आला नाही. हे भावजींना माहीत होतं. तरी त्यांनी नारळ पुढे केला आणि हरिश्चंद्रांच्या कानात काम सांगितलं.

सकाळची वेळ, ओटी भरायला बायकांची रांग, देवळासमोर खाज्याची दुकानं, सगळा गाव गोळा झालेला. किशोरी मैत्रिणींबरोबर बांगड्या बघत होती. तिच्या वर्गातली मुलं आईस्क्रीमच्या गाडीपाशी. हरिश्चंद्रांनी डोळे मिटले, घसा साफ केला आणि सुरू झाले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्यो वरच्या वाडीतलो सत्यवान, ज्येच्या न्हाणयेक वाढदिवसाचो बॅनर आसा, त्येचा चेडू किशोरी आता मोठा झाला, त्या उघड्यार न्हाता, त्येका लाज वाटता. तर त्या न्हाणयेक दरवाजो होवंदे, आणि त्यो करूक ह्येका बुद्धी आणि सवड दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला. म्हणणारच. गाऱ्हाण्याला होय म्हणायचं हे आम्हाला चालायला यायच्या आधी येतं. आईस्क्रीमच्या गाडीपाशीही म्हणाले, आणि तिकडून म्हटलं गेलेलं होय जरा लांबलं आणि त्याच्या शेवटी कोणीतरी हसलं.

किशोरीने हातातल्या बांगड्या परत ठेवल्या. रडली नाही, सरळ घरी चालत गेली. भावजी हात जोडून तसेच उभे होते, चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान. मी तिथेच त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला असता, पण ते मोठे दीर पडले आणि शिवाय देऊळ होतं.

लक्ष्मीची बहीण नम्रता कुडाळला राहते, नर्स आहे. ती जत्रेला आलेली. दुसऱ्या दिवशी ती परत निघाली तेव्हा किशोरी दप्तर आणि कपडे घेऊन तिच्याबरोबर निघाली. शाळा कसालला, तिकडून पण गाडी आहे, मावशीकडे अभ्यास बरा होतो, असं तिने बापाला सांगितलं. भावजींना ते खरं वाटलं. नम्रताने जाताना लक्ष्मीला बाजूला घेऊन सांगितलं की जूनमध्ये मी हिचं नाव कुडाळच्याच शाळेत घालते, दहावी तिथूनच होऊ दे. लक्ष्मी नाही म्हणाली नाही. काय तोंडाने म्हणणार होती?

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. लक्ष्मी नवऱ्याला वेळेवर वाढायची, पण बोलायची नाही. आणि आंघोळीला गेली की गायची नाही. त्यामुळे कोण कधी आत आहे हे कळेना, आणि भावजी बॅनरसमोर उभे राहून खोकत, उत्तर आलं नाही की परत फिरत. कधी कधी आत कोणीच नसे. तो माणूस रिकाम्या न्हाणीसमोर खोकत उभा राहायचा. त्यात बाहेर पडावं तर रस्त्यात प्रत्येकजण दरवाजाचं विचारी. एका म्हातारीने तर सांगितलं, आम्ही सगळ्यांनी होय म्हटलंय, आमची लाज राख.

भावजी काय करत होते? कासवाच्या पाठीवरची नक्षी कोरत होते. कामावरून आले की फळी मांडीवर घेऊन बसायचे आणि पटाशीने ठक ठक करायचे. एका रविवारी सकाळी मला राहवलं नाही. पोर घर सोडून गेली आणि बाप कासवाच्या पाठीवर नक्षी काढत बसलाय, हे बघून माझं डोकं फिरलं. मी खळं ओलांडून गेले आणि विचारलं, दरवाजा करताय की देऊळ? ते म्हणाले, काम चालू आहे, देवाने सवड दिली की होईल. मी म्हटलं, देवाने वादळ पाठवून तुमच्या दारात फणस पाडला, अजून त्याने काय करवत चालवायला यायचं?

तेव्हा त्यांनी पटाशी खाली ठेवली. बराच वेळ लाकडाचा भुसा मांडीवरून झटकत बसले.

"गावच्या लोकांका, मुंबयच्या लोकांका, सगळ्यांका मी प्लॅस्टिकचे दरवाजे बसवतंय," ते म्हणाले. "माझ्या चेडवाक पण तोच दिऊ? माझ्या हातचा कायतरी त्येच्यासाठी रवाक नको?"

मी हे त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, या माणसाला फक्त फुशारकी मारायला काहीतरी लागतं. वाईट वाटलं, अगदी गलबलून आलं, पण वाईट वाटलं म्हणून तोंड आवरणारी बाई मी नव्हे.

"भावजी," मी म्हटलं, "त्या चेडू वरसांमागे वरसां बॅनरामागे न्हाला, मगे माझ्याकडे टॉवेल लपवन येवक लागला. त्येका अवतार नको होते. कडी होई होती."

माझ्याकडे यायची हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी लक्ष्मीकडे बघितलं. ती दारात उभी होती, तांदूळ निवडत. तिने मान खाली घातली आणि तांदळातला एक खडा काढून अंगणात फेकला.

त्याच दिवशी फळ्या जोडल्या गेल्या. पुरा मासा, बिनडोक्याचं कासव आणि उरलेले आठ कोरे चौकोन. भावजींनी चौकट रोवली, बिजागऱ्या मारल्या. फणसाचं लाकूड जड, दार एकट्याने उचलेना, म्हणून लक्ष्मीने एका बाजूने धरलं. इतक्या दिवसांत ती त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलली ते म्हणजे, तुमची बाजू खाली आहे. संध्याकाळच्या चहापर्यंत दरवाजा बसला होता. इतकी वर्षं जे काम देवाच्या भरवशावर होतं ते एका रविवारात झालं. बॅनर काढून गवताच्या उडवीवर टाकला. पुढारी आता म्हशीला हात जोडून असतात, आणि ती त्यांना मान देत नाही.

दुसऱ्या दिवशी हरिश्चंद्र दारात हजर. बातमी त्यांना कळलीच होती. मागितलेलं मिळालं की देवाला सांगावं लागतं, नाहीतर देणं राहतं, असं ते म्हणाले. नारळ घेऊन या, दरवाजा कसा, कुठल्या लाकडाचा, कडी किती इंचाची, सगळं नीट सांगू. भावजींनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, यंदा मनातल्या मनात सांगा. हरिश्चंद्रांना तो अपमान वाटला. मनातलं गाऱ्हाणं पोचतं तरी का? आणि देवाला कळणार कसं, कुठल्या घरचं ते?

"देवाक आमचो पत्तो ठावक आसा," भावजी म्हणाले. "गावाक सांगून झालो."

हरिश्चंद्र भावजींनी दिलेला नारळ घेऊन गेले. त्यांनी तो मुकाट्याने फोडला म्हणतात, पण त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग भावजी कुडाळला निघाले. मला बाजाराला जायचं होतं, म्हणजे खरं तर नव्हतं, पण मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. नम्रताच्या घरी पोचलो तेव्हा किशोरी अभ्यासाला बसली होती. नम्रताने पाणी दिलं. भावजी उठले आणि सवयीने तिच्या बाथरूमचं दार हलवून बघायला लागले, बिजागरी ढिली आहे म्हणाले. मी डोळे वटारले तेव्हा येऊन बसले. मग घरचं, म्हशीचं, हवेचं बोलून झालं.

"किशोरी," ते म्हणाले, "तुझा गाऱ्हाणा मी गावासमोर घालूक नको होता. माझा चुकला."

माझ्या लग्नापासून हा माणूस चुकलो म्हणालेला मी ऐकला नव्हता. किशोरीने पुस्तकातून मान वर केली नाही. तशीच खाली बघत तिने विचारलं, "दरवाजो झालो?"

"झालो. मासो आसा. कासवाक तकली नाय."

"कडी?"

"आतसून दोन. वरती एक, खाली एक."

तिने पान उलटलं आणि शनिवारी येऊन बघते म्हणाली. भावजींनी परत येताना स्कूटर इतकी हळू चालवली, की आम्हाला एका सायकलवाल्याने मागे टाकलं.

शनिवारी ती आली, खांद्याला एकच छोटी पिशवी. म्हणजे राहायला आलेली नाही, हे लक्ष्मीने आणि मी एकाच वेळी बघितलं. लक्ष्मीने सकाळपासून हंड्याखाली नारळाची सोडणं घालून पाणी कढत ठेवलं होतं. किशोरीने न्हाणीभोवती एक फेरी मारली, माशाच्या खवल्यांवरून बोट फिरवलं, कासवाकडे बघून ओठ दाबले आणि टॉवेल घेऊन आत गेली. आधी वरची कडी वाजली, मग खालची. मग तिने दार आतून एकदा ओढून बघितलं.

दुसऱ्यांदा ओढलं नाही. मी कान देऊन होते.

परसात आम्ही तिघं नुसती कामं करत असल्याचं सोंग करत होतो. लक्ष्मी झाडलेलं पुन्हा झाडत होती, भावजी धड असलेल्या कुंपणाची काठी हलवत होते. आतून फक्त पाण्याचा आवाज. गाणं नाही, पाढे नाहीत, घाई नाही. पाणी थांबायचं, पुन्हा पडायचं. इतका वेळ लागला की हंडा संपला असणार. मला एकदा वाटलं, भावजी आता गाण्याची आठवण काढणार आणि सगळ्यावर पाणी फिरवणार. पण ते नुसतेच काठी धरून उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरले होते, ते मी त्यांना कळू न देता पाहिलं.

ती बाहेर आली तेव्हा केसांना टॉवेल गुंडाळलेला, गाल लाल, बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली.

"तिसरो अवतार वराह मां?" तिने बापाला विचारलं. "तो काढू नको. डुकराबरोबर मी न्हाणार नाय."

भावजींनी विचारलं, मग त्या चौकोनात काय काढू? ती म्हणाली, तो माझ्यासाठी ठेव, मी बघते. दहा अवतारांतला एक असा बसल्या जागी रद्द झाला आणि भावजी मान डोलवत राहिले. हरिश्चंद्रांना हे सांगायचं नाही असं मी तिथल्या तिथे ठरवलं. हा संकल्प मी अजून पाळला आहे.

मग भावजी आंघोळीला गेले. उरलेलं कोमट पाणी, तेही तळातलं. दोन्ही कड्या लावल्या आणि जुन्या सवयीने भजन सुरू केलं, असं की विहिरीवरचे कावळे उडाले. किशोरी चहाचा कप ठेवून गेली आणि तिने दारावर हात आपटला.

"बाबा, कडी घातलंस मां? मगे कित्याक गातंस?"

भजन थांबलं. ती परत येऊन आईजवळ पायरीवर बसली, कप उचलला आणि, जसं काही मिठाचा डबा द्यायला सांगावं तसं, म्हणाली, "आये, मावशीकडली माझी पुस्तकां उद्या बाबाक आणूक सांग. कपडे पण."

लक्ष्मीच्या हातातला झाडू तसाच राहिला. न्हाणीत पाण्याचा आवाज बंद पडला होता. दरवाजा फणसाचा असला तरी भावजींना सगळं ऐकू गेलं होतं. मग भजन पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्याने, सूर पार सोडून, मधे मधे नाक ओढत. किशोरीने चहा पीत पीत एकदा त्या दरवाजाकडे पाहिलं, पण ती उठली नाही.